अप्पांशी कोण बोलतंय

१

मायक्रोस्कोप दुरुस्त करणं हे माझं काम. कॉलेजांच्या प्रयोगशाळा, लहानमोठी रुग्णालयं, रक्त तपासणारी केंद्रं. भिंगांना बुरशी धरते, चाकं गच्च बसतात, एखादे हौशी प्राध्यापक स्वतःच यंत्र उघडतात आणि जोडताना उरलेले दोन स्क्रू बाटलीत घालून माझ्या हातात ठेवतात. महिन्यातले दहा-बारा दिवस मी परगावी असायचे. उरलेले अप्पांजवळ.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीला टेकलेलं. पाय ठणठणीत, तोंड त्याहून ठणठणीत, पण काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. उजेड कुठल्या बाजूने येतोय एवढंच कळायचं. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. पस्तीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून दिलं. "माणूस नाव सांगायच्या आधी मला कळतं, भांडून आलाय की जेवून आलाय," असं म्हणायचे, आणि ती फुशारकी नव्हती. मला सर्दी होणार हे मला कळायच्या आदल्या दिवशी त्यांना माझ्या "हॅलो"वरून कळायचं.

आई गेल्यावर मी हॉलमधल्या कपाटावर एक कॅमेरा बसवला. लिंबाएवढा, पांढरा, भिंतीतल्या प्लगला जोडलेला. त्यातून मला घर दिसायचं आणि माझा आवाज घरात जायचा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात, या वेळा ठरलेल्या. "अप्पा, डावीकडची डबी. ती नाही, शेजारची." "अप्पा, दोन पावलं पुढे, आता खुर्ची." मी बोलायचे आणि ते चालायचे. अडखळले तर कॅमेऱ्याला शिव्या द्यायचे, मला नाही. समोरच्या दारातल्या काकूंकडे एक किल्ली होती. त्या डबा द्यायच्या, भांडी घासून जायच्या. चाललं होतं.

त्या खेपेला मी पाच तासांवरच्या एका गावी होते. तीन कॉलेजं, चार दिवसांचं काम, उतरायला नेहमीचं गेस्टहाउस. मंगळवारी सकाळी माझा फोन बादलीत पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, संध्याकाळी या. एक वाजायला आला, आणि एकची वेळ चुकली की अप्पा जेवत नाहीत. गेस्टहाउसच्या पुढच्या खोलीत येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक कॉम्प्युटर होता. कळफलकावरची अर्धी अक्षरं पुसलेली. मी ज्या कंपनीत होते तिने मागे एक कागद दिला होता, प्रवासात असताना काय करू नये याचा. मी तो न वाचता सही करून परत दिला होता.

मी त्या कॉम्प्युटरवर बसले, कॅमेऱ्याचं खातं उघडलं, पासवर्ड घातला. सगळीकडे एकच पासवर्ड होता माझा. हा पासवर्ड लक्षात ठेवायचा का, असं काहीतरी समोर आलं. घाईत मी "हो" दाबलं. अप्पा दिसले. जेवले. मी खिडकी बंद केली आणि कामाला गेले.

२

संध्याकाळी फोन मिळाला. सातला कॅमेरा उघडला तर अप्पा आधीच कपाटाकडे तोंड करून बसले होते. मान हलवत होते. समोरचा लांबलचक काही सांगतोय आणि आपल्याला ते पटतंय, तशी.

"अप्पा," मी म्हटलं.

ते दचकले. "आता काय राहिलं?"

"काय राहिलं म्हणजे? सात वाजलेत."

"अगं ठमे, आत्ताच तर बोललीस. दमलेय म्हणालीस, पडते जरा म्हणालीस." ठमी हे माझं लहानपणापासूनचं नाव. तशी हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

मी हसले. म्हटलं, स्वप्न पडलं असेल. तेही हसले, पण तोंडदेखलं. मी अप्पांना चांगलं ओळखते. माझी समजूत काढायला हसले ते.

फोन ठेवून मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले. वय झालंय, मी स्वतःला सांगितलं. डोळे गेलेल्या माणसाला दिवस आणि वेळ यांचा हिशेब राहत नाही. परत गेले की डॉक्टरांना दाखवू. सगळं कसं पटण्यासारखं होतं.

३

बुधवारी सकाळी खुर्ची जागेवर नव्हती.

अप्पांची खुर्ची दोन वर्षं खिडकीशी होती. आता ती कपाटाला अगदी चिकटून होती, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. मला फक्त त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस आणि कानांच्या पाळ्या दिसत होत्या.

"खुर्ची कोणी हलवली?"

"तूच म्हणालीस ना, जवळ या म्हणून. ओरडून बोलावं लागतं म्हणालीस."

"मी कधी म्हटलं?"

"पहाटे."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे डोळ्याचं एक चित्र असतं. किती जण बघताहेत, त्याचा आकडा शेजारी. तिथे कायम १ असायचा. इतका कायम, की मी त्याकडे बघणं सोडलं होतं.

आता तिथे २ होता.

खरं सांगते, आधी बरंच वाटलं. म्हणजे अप्पांचं डोकं ठिकाणावर होतं. कोणीतरी चोरून खातं वापरत होतं. चोर असला तर उपाय असतो. मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला, मोठा, आकडे-चिन्हं घालून, कागदावर लिहून घेतला. खातं बंद करून पुन्हा उघडलं.

२.

मी जिना उतरून पुढच्या खोलीत गेले. मॅनेजर पेपर वाचत होता. त्याला म्हटलं, हा कॉम्प्युटर काल माझ्यानंतर कोणी वापरला?

"मॅडम, हा?" त्याने पेपर खाली केला. "हा सोमवारपासून बंद आहे. स्क्रीनच लागत नाही. काल तुम्ही बसला होतात, मला वाटलं नुसत्या टेकलात."

मी बटण दाबून पाहिलं. पडदा काळाच राहिला.

मी काल अप्पांना जेवताना पाहिलं होतं. आमटी सांडलेली पाहिली होती. मी त्या काळ्या पडद्यासमोर उभी राहून ही गोष्ट स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि मॅनेजर मला चहा हवा का विचारत राहिला.

४

काकूंना फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जा आणि कॅमेऱ्याचा प्लग काढा.

"अगं, मी तिथूनच आले की आत्ता," काकू म्हणाल्या. "तूच तर म्हणालीस, काकू तुम्ही जा, मी आहे. आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायला सांगितलीस, ती ठेवलीये. बाहेरगावी निघालेय ना मी, लेकीकडे. रिक्षा खाली उभी आहे."

"काकू, ती मी नव्हते."

"हो का? मग कोण, मी?" त्या हसल्या. "आवाज बसलाय बघ तुझा. गरम पाणी पी. मघाशी किती छान येत होता." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तो लागला नाही.

मी कॅमेरा उघडला. अप्पा उभे होते. हात किंचित पुढे. कोणीतरी सांगितल्यासारखे मोजून पावलं टाकत होते. दोन पुढे. थांबले. डावीकडे वळले. एक पाऊल. त्यांचा हात दाराच्या कडीवर बरोबर पडला. चाचपडावं लागलं नाही. दोन वर्षांत माझ्या सांगण्याने ते एकदाही इतके नीट चालले नव्हते.

"अप्पा, थांबा!" मी ओरडले.

ते थांबले. पण मान माझ्याकडे वळली नाही. ते दुसरंच काही ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "हो, मलाही येतोय तो आवाज. कोण गं ती?"

५

त्या खात्यात एक सोय होती, सगळ्यांना एकदम बाहेर काढायची. मी ती दाबली. पडदा पांढरा झाला. पुन्हा आत जायला गेले तर पासवर्ड चुकीचा. कागदावरचा, अक्षर न् अक्षर तपासून घातलेला, चुकीचा. मी एकटीच बाहेर पडले होते.

कॅमेऱ्याच्या कंपनीला फोन लावला. तिकडची बाई फार गोड बोलत होती. सुरक्षेसाठी एक प्रश्न विचारते म्हणाली, लहानपणीचं टोपणनाव?

"ठमी."

"हे उत्तर चुकीचं आहे."

"ताई, माझं नाव मला माहीत नाही का?"

"हे उत्तर आज सकाळी बदललंय, मॅडम. खातेदारांनी स्वतः फोन केला होता. आम्ही आवाज ताडून बघतो, तो जुळला." मागे कळफलकाचा आवाज आला. "तुमचा जुळत नाहीये."

घरी जुना फोन आहे, वायरचा. अप्पांनी तो काढू दिला नव्हता. मी तो लावला. वाजत राहिला. मग उचलला.

"अप्पा! अप्पा, मी बोलतेय. नीट ऐका. कॅमेऱ्यातून जी बोलतेय ती मी नाही. दाराला आतून कडी लावा आणि बसून राहा. मी निघतेय, दुपारपर्यंत पोचते."

पलीकडे ते श्वास घेत होते. मी ओळखलं, ते माझा आवाज तपासत होते. आयुष्यभर केलं तेच. मी मनात म्हणत होते, बरं झालं, आता कळेल. या माणसाला कोण फसवणार?

"छान करता हो," अप्पा शेवटी म्हणाले. "बरंचसं जमलंय. पण माझी मुलगी घाबरली की तिचा आवाज खाली जातो. तुमचा वर गेलाय."

"अप्पा, तुम्हाला काय वेड लागलंय का!"

आणि त्यांच्या मागून, हॉलमधून, कपाटाच्या दिशेने, आवाज आला. शांत, जरासा खालचा, प्रेमळ. मी स्वतःला बाहेरून कधी असं ऐकलं नव्हतं, पण ती मीच होते यात शंका नव्हती.

"फोन ठेवा अप्पा. चप्पल घाला. मी घ्यायला आलेय."

६

नऊची बस मिळाली. पोलिसांना बसमधूनच फोन लावला. हवालदार समंजस होता. त्याने दोनदा विचारलं, म्हणजे तुमच्या वडिलांशी तुमच्याच आवाजात तुम्हीच बोलताय? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रडू फुटलं. शेजारची बाई सरकून बसली. तो म्हणाला, पाठवतो कोणाला तरी. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. घराला कुलूप आहे. शेजाऱ्यांनी सांगितलं, म्हातारे मुलीबरोबर गेले.

"मुलगी दिसली का कोणाला?"

"तसं कोणी म्हणालं नाही. बोलणं ऐकू आलं जिन्यात."

तोवर मेलवर फोटो यायला लागले होते. कॅमेऱ्यापुढे काही हललं की तो एक फोटो काढून माझ्या मेलवर पाठवतो. खात्यातून मला हाकललं होतं, पण ही वाट बंद करायला कोणीतरी विसरलं होतं. किंवा विसरलं नव्हतं.

पहिल्यात अप्पांचा तळहात, अगदी जवळून. ते कॅमेरा कपाटावरून काढत होते. खाली वायर लोंबत होती, आणि वायरच्या टोकाला प्लग. मी फोटो मोठा करून पाहिला. प्लग हवेत होता.

दुसऱ्यात आमचा जिना. तिसऱ्यात रस्ता, दुधाची गाडी, एका बाईची पिशवी. आमचं वायफाय दुसऱ्या मजल्याच्या पुढे जात नाही. चौथ्यात बस स्थानक. पाचव्यात खिडकीची काच आणि तिच्यात अप्पांचं पुसट प्रतिबिंब. केसांत भांग पाडलेला. आई असताना पाडायचे तसा. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, जरा बाहेर पडा, कुठे जाऊन या. कधी उंबरा ओलांडला नाही. आता ते खिडकीशी बसले होते आणि खुशीत दिसत होते.

खिडकीबाहेरची पाटी मी ओळखली. ती माझी बस चालली होती त्याच रस्त्यावरची होती. ते माझ्याकडेच येत होते.

मी कंडक्टरकडे गेले. समोरून बस येईल, ती थांबवा, माझे वडील आहेत तिच्यात. तो म्हणाला, ताई, रस्त्यात बस थांबवायला हा काय खेळ आहे? मी त्याचे पाय धरले, खरोखर धरले. लोक बघत होते. ड्रायव्हर न वळता म्हणाला, दिवे देतो, तो थांबला तर थांबला.

बारा वाजून गेले होते. ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. मी पुढच्या पायरीवर दांडा धरून उभी होते. बस आली, दिवे दिले, ती हळू झाली, थांबली नाही. खिडक्या एकेक करून माझ्यासमोरून सरकल्या. पाचव्या खिडकीत अप्पा होते. तोंड आतल्या बाजूला, शेजारच्या सीटकडे. कॅमेरा मांडीवर. मनापासून हसत होते. आणि त्यांच्या खांद्यावर, त्या पलीकडच्या बाजूने आलेला, एक हात होता. मनगटावर माझं घड्याळ नव्हतं, की बाही माझ्या कपड्यांची नव्हती, असं काही मी शपथेवर सांगू शकत नाही. एक क्षणच दिसलं. पण करंगळी जराशी बाहेर वाकलेली होती. लहानपणी दारात चेमटली तेव्हापासून माझी तशी आहे.

७

मी तिथेच उतरले. एका टेम्पोवाल्याने घेतलं, मग एका गाडीवाल्याने. गेस्टहाउसमध्ये पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. मॅनेजरने मला बघितलं आणि त्याच्या हातातला पेला कलंडला.

"मॅडम, तुम्ही... आत्ता तर वर गेलात."

"कोणाबरोबर?"

"वडिलांबरोबर. म्हणजे ते पुढे होते. तुम्ही मागून बोलत होतात, किल्ली द्या म्हणून. मी खाली बघून लिहीत होतो."

"मला बघितलंत?"

तो कलंडलेला पेला उभा करत राहिला.

आम्ही दोघं वर गेलो. माझ्या खोलीचं दार आतून बंद होतं. आत बोलणं चाललं होतं. अप्पा एक्स्चेंजमधला कुठलासा किस्सा सांगत होते आणि कोणीतरी बरोबर जागा साधून हसत होतं. मी हसते तशी, आधी नाकातून. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग तो दोन पावलं मागे सरकला, दारापासून नव्हे, माझ्यापासून.

मी दार वाजवलं. हसणं थांबलं.

"कोण आहे?" अप्पांनी विचारलं. मला नव्हे, आतल्याच कोणाला तरी.

"कोणी नाही, अप्पा," माझा आवाज म्हणाला.

मी दारावर आपटले. खांद्याने, डोक्याने. अप्पा, अप्पा, असं ओरडत राहिले आणि ओरडताना ऐकू येत होतं, माझा आवाज वर वर चढतोय, परका होतोय, आणि तो काही केल्या खाली येत नाही. शेवटी मॅनेजरने दुसरी किल्ली लावली.

अप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. एकटे. कॅमेरा उशीवर, तोंड छताकडे. खिडकीला गज. न्हाणीघर रिकामं. चादरीवर त्यांच्या शेजारी एक खळगा होता, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा, आणि मी बघत असताना तो हळूहळू भरून आला.

८

त्याला आता सात महिने झाले. कॅमेरा मी हातोडीने फोडला. खाती बंद केली, फोन बदलला, फिरतीची नोकरी सोडली. दुरुस्तीचं काम घरीच आणते. अप्पांना डॉक्टरांनी तपासलं. कान उत्तम, डोकं उत्तम. पंतप्रधान कोण, आज वार कोणता, सगळं सांगतात. मुलीचं नाव विचारलं तर तेही सांगतात.

माझ्याशी ते फार अदबीने वागतात. डबीतली गोळी दिली की "आभारी आहे हो" म्हणतात. परवा माझी सर्दी त्यांच्या लक्षात आली नाही. मी त्यांच्यासमोर बसून आईचा विषय काढते, लहानपणीच्या खोड्या सांगते, ज्या फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहेत. ते ऐकून घेतात. "तुम्हाला तिने बरंच सांगितलेलं दिसतंय," म्हणतात.

जन्मल्यापासून त्यांनी मला कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं.

काल दुपारी मी एका कॉलेजचं भिंग पुसत टेबलाशी बसले होते. अप्पा कोचावर. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, अप्पा, एकदा ठमे म्हणा. एकदाच. मग मी पुन्हा कधी मागणार नाही.

त्यांनी हात सोडवून घेतला. झटकला नाही. परक्या बाईचा हात सोडवतात तसा, तिला वाईट वाटू नये म्हणून हळूच.

"बाई, तुम्ही माझं फार केलंत," ते म्हणाले. "पण आता तुम्ही निघालात तरी चालेल. तुमच्याही घरी कोणी वाट बघत असेल."

"का अप्पा? आज असं का?"

ते उत्तर द्यायला थांबले नाहीत. पलीकडे वळले, चेहरा उजळला, आणि कोचावर जरासे माझ्या बाजूला सरकले. दुसऱ्या बाजूला बसायला जागा करून.

मी जागची हलले नाही. आता मी उठले, तर पुन्हा बसायला मला जागा उरणार नाही.